नाकात ११० डागण्या

रात्रीचे अडीच वाजलेत. डाव्या कुशीवर वळलात की डावी नाकपुडी बंद, उजव्या कुशीवर वळलात की उजवी. तोंड उघडं ठेवून झोपायचं, मग घसा कोरडा पडून जाग येते. उठून पाणी प्यायचं, परत आडवं व्हायचं. रूममेट सकाळी सांगतो की भाऊ, तू मध्येच श्वास घ्यायचाच थांबतोस आणि मग दचकून घोरायला लागतोस. नऊच्या लेक्चरला शेवटच्या बाकावर डोळे मिटतात आणि सगळ्यांना वाटतं, हा रात्रभर रील्स बघत बसला असणार. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलात की ते टॉर्च मारून बघतात आणि तुमच्या मावशीच्या भाषेत ‘नाकाचं हाड वाढलंय’ असं निदान होतं. खरं तर हाड वाढलेलं नसतं, दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असतो. मग ऑपरेशनचा विषय निघतो, आणि तुम्ही ‘परीक्षेनंतर बघू’ म्हणून घरी येता.

यातलं काहीही ओळखीचं वाटत असेल, तर आज तुम्हाला ज्या माणसाबद्दल सांगायचंय तो तुमचाच आहे. तो शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये वारला. त्याचं नाव मार्सेल प्रूस्त. लिटरेचरवाल्यांनी ते सिलॅबसमध्ये किंवा सिलॅबसच्या काठावर कुठेतरी वाचलं असेल. सात भागांची, बारा-तेरा लाख शब्दांची एक कादंबरी लिहिणारा तो हाच. इंग्रजीत तिला ‘इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम’ म्हणतात. ती पूर्ण वाचली असं सांगणाऱ्या माणसाकडे थोडं संशयानेच बघावं. पण कादंबरी बाजूला ठेवू. त्याचं नाक, त्याचा श्वास आणि त्याची झोप यांची गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे.

प्रूस्तचा जन्म १० जुलै १८७१ चा. घर खात्यापित्या डॉक्टरचं. वडील आद्रियँ प्रूस्त साधेसुधे डॉक्टर नव्हते. साथीचे रोग एका देशातून दुसऱ्या देशात कसे जातात आणि ते कसे अडवायचे, हा त्यांचा विषय. कॉलऱ्याचा मार्ग शोधायला ते १८६९ मध्ये रशियातून थेट इराणपर्यंत गेले होते. पुढे पॅरिसच्या वैद्यकीय विद्यापीठात ते आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपला त्यांच्याशी संबंध आहे, आणि तो फार आनंदाचा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात रँडचे सोल्जर घरात घुसले, चापेकर बंधूंची गोष्ट घडली, हे आपण शाळेपासून वाचतो. त्याच १८९७ साली मुंबईचा प्लेग युरोपात येऊ नये म्हणून व्हेनिसला देशोदेशीच्या प्रतिनिधींची परिषद भरली. त्यात फ्रान्सच्या बाजूने बसलेल्यांपैकी एक होते हे डॉक्टर प्रूस्त. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. मुंबईच्या प्लेगला युरोपच्या दारात अडवायला निघालेल्या या माणसाच्या घरात थोरला मुलगा रात्र रात्र उशीला टेकून बसायचा, कारण आडवं झालं की श्वास मिळायचा नाही.

पहिला झटका आला तेव्हा मार्सेल नऊ वर्षांचा होता. १८८१ चा वसंत. घरचे लोक आणि ओळखीचं एक कुटुंब पॅरिसजवळच्या मोठ्या जंगलवजा बागेत फिरायला गेले होते. परतताना मुलाचा श्वास असा अडकला की आता हा जातो, असं वडिलांना वाटलं. वडील प्राध्यापक-डॉक्टर, सोबत जाणती माणसं, आणि कुणालाच काही करता येईना. दमा होता तो. त्या दिवसापासून फुलं, धूळ, धूर, अत्तर, थंड वारा, सगळेच त्याचे शत्रू झाले. वसंत हा पॅरिसमधला सगळ्यात देखणा ऋतू, आणि नेमका तोच याच्यासाठी सगळ्यात वाईट.

आता नाकाकडे येऊ.

त्या काळी डॉक्टरांमध्ये एक कल्पना जोरात होती. दमा, हे फीव्हर, डोकेदुखी, अशा बऱ्याच दुखण्यांचं मूळ नाकात आहे, असं समजलं जायचं. नाकाच्या आतलं अस्तर सुजतं, ते तिथल्या नसांना डिवचतं आणि मग दूरवरच्या छातीत आकडी येते, असा तर्क. मग उपाय काय, तर ते अस्तर जाळून टाका. विजेच्या प्रवाहाने लालभडक केलेली बारीक तार नाकात घालायची आणि चटका द्यायचा. आपल्याकडे पोटात दुखलं की तान्ह्या पोराच्या पोटावर तापल्या सळईने डाग देतात ना, ज्याविरुद्ध आज डॉक्टर गावोगावी ओरडून सांगतात, त्याचीच ही पॅरिसची सुधारलेली, विजेवर चालणारी आवृत्ती. असे किती चटके मार्सेलच्या नाकात दिले गेले? मोठेपणी त्याने स्वतः आकडा सांगितला आहे. ११०.

ते झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता बिनधास्त गावाकडे जा, हे फीव्हर तुला होऊच शकत नाही. मुलगा आईवडिलांबरोबर गेला. पहिल्याच फुललेल्या लायलॅकच्या झाडापाशी दम्याने त्याला असं धरलं की पॅरिसला परत आणेपर्यंत पायांचा रंग बुडून मेलेल्या माणसासारखा जांभळा होता.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला होता, खरं सांगते. माझ्याही बॅगेत सध्या एक फॉर्म आहे. पडदा सरळ करायच्या ऑपरेशनचा, सहीची जागा मोकळी असलेला. प्रूस्तवर लिहायचं ठरवलं तेव्हा हा प्रसंग मला माहीत नव्हता.

पण घाबरून इथे थांबू नका, कारण नेमकं काय चुकलं ते कळलं की भीतीला आकार येतो. मार्सेलचा दमा नाकात नव्हता. दम्यात छातीतल्या श्वासनळ्या सुजतात, आखडतात, चिकट होतात. त्यामागे बहुतेकदा अ‍ॅलर्जी असते, म्हणजे शरीराची परागकणांशी वगैरे चाललेली विनाकारण लढाई. नाक आणि छाती हा एकच रस्ता आहे, त्यामुळे नाकातली अ‍ॅलर्जी आणि दमा जोडीने फिरतात हे खरं. पण नाकाचं अस्तर जाळल्याने शरीराची ती खोड जात नाही. डॉक्टर दुष्ट नव्हते, अडाणीही नव्हते. त्यांना रस्त्याचा एक भाग दिसत होता, त्यांनी तोच दुरुस्त केला. आणि वर शब्द दिला की आता होणारच नाही. माझ्या मते खरा घात त्या शब्दाने केला. चटक्याची जखम भरते. ‘आता होणारच नाही’वर विश्वास ठेवून फुलांपाशी गेलेल्या पोराचं जे तुटलं, ते नंतर कुणाला सांधता आलं नाही.

त्या काळात नाकाचं वेड कुठवर गेलं होतं याचा एक नमुना ऐका. मनोविश्लेषणवाला सिग्मंड फ्रॉइड, तुमच्या सायकॉलॉजीच्या पुस्तकातला, त्याचा जिवलग मित्र विल्हेल्म फ्लीस हा बर्लिनचा नाकाचा डॉक्टर. नाकाचा संबंध शरीरातल्या कशाकशाशी आहे यावर त्याचे भन्नाट सिद्धांत होते. त्याने फ्रॉइडच्याही नाकावर उपचार केले. १८९५ मध्ये फ्रॉइडच्या एका तरुण रुग्ण स्त्रीच्या नाकाचं ऑपरेशन करताना तो अर्धा मीटर लांब कापडी पट्टी आतच विसरला आणि ती बाई मरता मरता वाचली.

मार्सेल कॉलेजच्या वयाचा झाला, तेव्हा दम्याने त्याचा पिच्छा सोडला नव्हता. १८८९ मध्ये तो वर्षभराच्या लष्करी नोकरीसाठी ऑर्लेआँला गेला. बराकीत तो रात्री इतका खोकायचा की इतरांना झोप लागेना. शेवटी वरिष्ठांनीच सांगितलं की बाबा, तू गावात खोली घेऊन राहा. होस्टेलमध्ये घोरण्यावरून ज्याचं नाव पडलंय, त्याला हे नीट समजेल. नंतर एका मोठ्या ग्रंथालयात त्याला बिनपगारी पद मिळालं. तिथे तो गेला कमी आणि रजेचे अर्ज पाठवले जास्त, शेवटी १९०० मध्ये ते पदही गेलं. आपल्याकडे असता तर अटेंडन्ससाठी मेडिकल सर्टिफिकेटांची फाइल घेऊन ऑफिसबाहेर उभा दिसला असता.

झोपेचं गणित तोपर्यंत पूर्ण उलटं झालं होतं. दमा रात्री जोर करतो, आणि पहाटे जास्तच. हे आजचे डॉक्टरही सांगतात, शरीराच्या घड्याळाचाच तो भाग आहे. मार्सेलने मग रात्री झोपायचा नादच सोडला. रात्रभर जागायचं, सकाळी उजाडल्यावर झोपायचं आणि दुपार कलल्यावर उठायचं. आई झान मुलाचं हे वेळापत्रक सांभाळायची. तो झोपला असताना नोकरांनी आवाज करायचा नाही, दारं आपटायची नाहीत. एकाच घरात राहून मायलेकरं एकमेकांना चिठ्ठ्या लिहायची, कारण त्यांची जागं असण्याची वेळच जुळायची नाही. रात्र कशी गेली, श्वास कसा होता, किती तास झोप लागली, असलं सगळं त्या चिठ्ठ्यांत. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जेवलास का’ विचारणाऱ्या आपल्या आया आठवतात.

१९०३ च्या नोव्हेंबरमध्ये वडील गेले, १९०५ च्या सप्टेंबरमध्ये आई. आईच्या मनात होतं की त्याने नीट उपचार घ्यावेत, म्हणून तो तिच्यानंतर सहा आठवडे एका खासगी क्लिनिकमध्ये जाऊन राहिला. होता तसाच परत आला. तो शेवटचा प्रामाणिक प्रयत्न, असं मला वाटतं. त्यानंतर त्याने आजार बरा करायचं सोडलं आणि आजाराच्या मापाने घर शिवून घेतलं.

ते घर म्हणजे बुलव्हार ओस्मान या रस्त्यावरचा १०२ नंबर. १९०६ च्या शेवटी तो तिथे राहायला गेला. १९१० मध्ये त्याने झोपायच्या खोलीच्या भिंतींना आणि छताला बुचाच्या लाकडाचे पत्रे ठोकून घेतले. बाटलीचं बूच असतं ना, तेच. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले, बाहेर चेस्टनटची झाडं फुलली की परागकण आत नकोत म्हणून तर आणखीच बंद. खोलीत फूल नाही, अत्तर नाही. आगकाडी पेटवायची नाही, कारण गंधकाच्या वासाने दम लागतो. तरी वरच्या मजल्यावर नेमका एक अमेरिकन दातांचा डॉक्टर राहायला आला. त्याच्याकडची ठोकाठोक थांबावी म्हणून प्रूस्तने त्याच्या बायकोला लिहिलेली वीसेक पत्रं सापडली आहेत. इतक्या गोड भाषेत शेजाऱ्याची तक्रार करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि मी सोसायटीत राहते.

औषध म्हणाल तर धूर. विशिष्ट पूड मेणबत्तीवर पेटवायची आणि खोली धुराने भरेपर्यंत श्वास घ्यायचा. दमेकऱ्यांसाठी तशा सिगारेटीही मिळायच्या. त्या पुडीत आणि सिगारेटींत काय असायचं माहितीये? धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पती. आपण महादेवाला वाहतो तो धोतरा. धोतरा ओढून दमा हलका करायची युक्ती इंग्रजांनी भारतातच पाहिली आणि १८०२ च्या सुमारास मद्रासहून परतलेल्या एका जनरलने ती इंग्लंडला नेली. तिथून ती सगळ्या युरोपात पसरली. म्हणजे पॅरिसच्या त्या बंद खोलीत जो धूर कोंडलेला असायचा, त्याचं मूळ आपल्याच बाजूचं. त्या झाडात असं द्रव्य असतं की आखडलेल्या श्वासनळ्या सैल होतात, त्यामुळे तात्पुरतं बरं वाटायचं. पण धोतरा विष आहे, मात्रा जरा चुकली की भ्रम होतो आणि जीवही जातो, त्यामुळे हे वाचून कुणी प्रयोग करायला जाऊ नका. धुराशिवाय झोपेसाठी व्हेरोनल नावाची गोळी, जागं राहायला कॅफीन. एक वर ढकलणार, दुसरं खाली ओढणार. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातलं आपलं चहाचं प्रकरण यापुढे काहीच नाही.

या खोलीत, पलंगावर अर्धवट बसून, गुडघ्यांवर वह्या ठेवून तो लिहायचा. कादंबरीची सुरुवातच झोप न येणाऱ्या माणसापासून होते. अंधारात जागा झालेला माणूस, आपण कुठे आहोत, कोणत्या खोलीत, कोणत्या वयात, हेच त्याला क्षणभर कळत नाही. पानंच्या पानं हेच चालतं. प्रकाशक वैतागले. अंथरुणात कूस बदलायला इतकी पानं कशाला, असं एकाला वाटलं आणि हस्तलिखित परत आलं. बाकीच्यांनीही नाकारलं. शेवटी १९१३ मध्ये पहिला भाग स्वतःच्या खर्चाने छापावा लागला. १९१९ मध्ये दुसऱ्या भागाला गोंकूर पुरस्कार मिळाला. मला वाटतं, त्या नकार देणाऱ्यांपैकी कुणाला रात्री नाक बंद होऊन जाग येत नसावी. ज्याला येते त्याला ती पानं लांब वाटत नाहीत.

त्या कादंबरीत हॉथॉर्नच्या पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या कुंपणाचं वर्णन प्रसिद्ध आहे. लेखक मात्र फुललेली झाडं पाहायची झाली, तर मोटारीच्या काचा बंद करून आतून बघायचा.

आता यावर नेहमी एक गुळगुळीत वाक्य म्हटलं जातं, की आजार होता म्हणून तो मोठा लेखक झाला. मला हे पटत नाही. आजाराने त्याला एकांत दिला हे कबूल. पण त्याने काय नेलं तेही मोजा ना. वसंत नेले, दिवसाचा उजेड नेला. आणि डॉक्टरांवरचा विश्वास नेला, तोही कुणाच्या घरात, तर वडील प्राध्यापक आणि धाकटा भाऊ रोबेर नावाजलेला सर्जन असलेल्या घरात! तुमच्या घरातल्या दोघांना सगळं शास्त्र येतं आणि तुम्ही धूर घेत अंधारात बसता, हे काही रोमँटिक नाही. श्वासातून घ्यायची, सूज कमी करणारी स्टेरॉइडची औषधं १९७० च्या दशकात आली. तो पन्नास वर्षं आधी गेला. आज केमिस्टकडे मिळणारा, बोटभर उंचीचा इनहेलर त्या खोलीत असता तर कदाचित खिडकी उघडली असती, आणि कादंबरी तरीही लिहिली गेली असती असं मी मानते. त्याच्याकडे सांगायला खूप होतं.

माझ्या डॉक्टरांना मी हे सगळं ऐकवलं. म्हणजे अर्धं ऐकवलं, बाहेर रांग होती. मग विचारलं की ऑपरेशनने माझं काय बरं होईल आणि काय नाही. त्या म्हणाल्या की पडदा सरळ झाला की हवेचा रस्ता मोकळा होईल. पण अ‍ॅलर्जी असेल तर ती ऑपरेशनने जात नाही, तिचा स्प्रे चालू राहील. घोरणं कमी होईलच अशी खात्री नाही, कारण घोरण्याची जागा बऱ्याचदा नाकात नसून घशात असते. आणि झोपेत श्वास थांबतो असं जर शेजारी झोपणारं माणूस सांगत असेल, तर आधी झोपेची तपासणी करायची, रात्रभर यंत्र लावून, मग काय ते ठरवायचं. ‘होणारच नाही’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मला त्याचंच बरं वाटलं.

प्रूस्तची शेवटची तीन वर्षं हालाखीची गेली. पैशाने नव्हे, श्वासाने. बुलव्हार ओस्मानची इमारत विकली गेली, १९१९ मध्ये ते बुचाचं घर सुटलं. काही महिने इकडे तिकडे काढून तो रू हाम्लँ या रस्त्यावर राहायला आला. सोबत सेलेस्त आल्बारे होती. ती त्याचं घर सांभाळायची. त्याच्यासाठी तिनेही रात्रीचा दिवस केला होता. तो जागा असेपर्यंत ती जागी. जेवण जवळजवळ बंद, कॉफी-दूध तेवढं चालायचं.

१९२२ च्या शरदात सर्दी झाली, ती छातीत उतरली, न्यूमोनिया झाला. डॉक्टर बीझ यांनी सांगितलं की विश्रांती घ्या, खा, उपचार घ्या. त्याने ऐकलं नाही, प्रुफं तपासत राहिला. भाऊ रोबेरने क्लिनिकमध्ये चल म्हणून हट्ट धरला. सर्जन भाऊ, सगळी सोय हातात. मार्सेल चिडला, भावाला येऊ नको म्हणाला. सेलेस्तकडून त्याने शब्द घेतला की शेवटी कितीही वाईट झालं तरी डॉक्टरांना मला इंजेक्शन देऊ द्यायचं नाही.

१८ नोव्हेंबरला तिला राहवलं नाही. तिने डॉक्टरांना बोलावलं. बीझ इंजेक्शन द्यायला वाकले, तेव्हा मार्सेलने हात लांबवून सेलेस्तचं मनगट धरलं आणि जोराने चिमटा काढला. शब्द मोडल्याबद्दल. मग रोबेर आला, त्याने ऑक्सिजन आणवला, उशा सरळ केल्या, भावाला अलगद उचलून नीट टेकवलं. दुपार कलताना श्वास थांबला. वय ५१. कादंबरीचे शेवटचे तीन भाग नंतर छापले गेले, सगळ्यात शेवटचा १९२७ मध्ये. सेलेस्त पुढे साठेक वर्षं जगली आणि म्हातारपणी आठवणी सांगायला बसली, तेव्हाही तो चिमटा तिच्या मनातून गेला नव्हता.

पॅरिसच्या कार्नाव्हाले म्युझियममध्ये त्याची खोली मांडून ठेवलीय. पितळी पलंग आहे, भिंतीला बुचाचे तुकडे आहेत. फोटोत पाहिलंत तर पहिल्यांदा जाणवतं ते हे, की एवढी मोठी कादंबरी लिहिणाऱ्या माणसाचा पलंग आपल्या होस्टेलच्या कॉटएवढाच अरुंद आहे.